पहिल्या उताराचा शेजार

पाणीपुरवठा खात्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे शंकासुर म्हणत. हे नाव देणारा फोरमन कधीच निवृत्त होऊन गेला, नाव मात्र चिकटून राहिलं. नट आवळून झाला की ते पुन्हा पान्हा लावून बघत. चाक बसवलं की हाताने हलवत, मग पायाने, मग दुसऱ्या कोणाला तरी हलवायला लावत. घरीही तेच. स्वतः बंद केलेल्या गॅसचं बटण ते झोपण्याआधी परत चाचपून येत. बायको पाहुण्यांना सांगायची, "लग्न ठरवायला आले तेव्हा मला दोनदा बघून गेले. पहिल्या वेळी खात्री पटली नव्हती."

लोक हसत आणि गाडी त्यांच्याच हाती देत. खात्याच्या टाक्या आणि पंपघरं डोंगरावर होती. तिथवर जायला जुन्या जीपगाड्या, आणि रस्ता एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही असा. ब्रेकचं काम शंकासुरांकडे. "भित्र्या माणसाने बांधलेला ब्रेक आहे, निवांत जा," असं ड्रायव्हर एकमेकांना सांगत. यात टोमणा होता, पण भरवसाही होता.

ही भीती त्यांना वर्कशॉपनेच दिलेली. ते शिकाऊ उमेदवार म्हणून लागले त्याच वर्षी एक जीप वरच्या टाकीच्या उतारावरून खाली गेली. ड्रायव्हर वाचला नाही. ब्रेकचं काम आदल्याच दिवशी झालं होतं, आणि ते करणारा फिटर त्या वेळी वर्कशॉपमध्ये चहा पीत बसला होता. त्याला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तो आपणहूनच कामावर यायचा बंद झाला.

त्यानंतर फोरमनने नियम घातला. ज्याने ब्रेक बांधला, त्याने पहिल्या उताराला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. वर्कशॉपमध्ये याला 'शेजार' म्हणत. 'आज शेजार कोणाचा?' असं सकाळी विचारलं जाई. नियमात शिक्षा नव्हती, व्यवहार होता. या जीपगाड्यांच्या हँडब्रेकची मूठ डॅशबोर्डखाली मधोमध असते, शेजारच्या माणसाचा हात पोचेल अशी. हा हँडब्रेक चाकांना धरत नाही. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जो लांब दांडा फिरत जातो, त्याला धरतो. पायाच्या ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे पायाचा गेला तरी हा उरतो. शेजार घेणाऱ्याने उतार संपेपर्यंत हात त्या मुठीवर ठेवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. ड्रायव्हरचं लक्ष जाता कामा नये.

शंकासुरांनी नोकरीभर शेजार घेतला. एकदाही मूठ ओढायची वेळ आली नाही. तरी दर वेळी उतार लागला की त्यांच्या तोंडाला कोरड पडे, आणि ती खाली पोचल्यावरही बराच वेळ जात नसे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघून पाण्याची बाटली पुढे करत.

खात्याने जुन्या जीप मोडीत काढल्या तेव्हा त्यांनी त्यातली एक घेतली. ते तिला 'ठकी' म्हणत, कारण तिचा बंपर डावीकडे किंचित वर गेलेला होता आणि ती फुगून बसल्यासारखी दिसे. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ठकीचा सांगाडा सुटा केला. पत्रा घासला, चासीला रंग दिला, इंजिन उघडून परत बांधलं. जिथे ज्या मापाचा स्क्रू होता तिथे त्याच मापाचा शोधून आणला.

त्यांची मुलगी गुरांची डॉक्टर. तिची बदली डोंगरातल्या दवाखान्यावर झाली आणि तिची छोटी गाडी महिन्याभरातच पोट घासून आजारी पडली. एका रविवारी ती शेडमध्ये आली, ठकीच्या उघड्या चासीभोवती फिरली आणि म्हणाली, "बाबा, ही मला द्या."

शंकासुरांच्या हातातला पुसायचा कापूस खाली पडला. इतकी चांगली गोष्ट त्यांनी कोणाकडून ऐकली नव्हती. पण मुलीचं पुढचं वाक्य तयार होतं.

"पण ब्रेक नवे घालायचे. पुढच्या चाकांना डिस्क. आणि पाइपाच्या दोन वेगळ्या लाइनी, म्हणजे एक फुटली तरी दोन चाकं धरतील. सध्या चारही चाकं एकाच लाइनीवर आहेत. एक गळलं की सगळं गेलं."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय. सीटबेल्ट लावायचे. आणि तो मधला हँडब्रेक काढून टाकायचा. केबल टाकून मागच्या चाकांना जोडून देतात हल्ली."

"मग ठकी कुठे राहिली? टोपी तेवढी जुनी, खालचा माणूस दुसराच."

"मला माणूस जिवंत पाहिजे, बाबा. टोपी कुठलीही चालेल."

आई दारात चहा घेऊन उभी होती. "बेल्ट तरी लावा हो," ती म्हणाली.

"त्याला तळाच्या पत्र्याला भोकं पाडावी लागतात."

"पत्र्यालाच ना? पडू देत."

शंकासुरांनी तिच्या हातातला चहा घेऊन चासीवर ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मुलीला अपेक्षित नव्हतं. मूळची गाडी म्हणजे अब्रू, जुनं ते सोनं, असं काहीतरी ते म्हणतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "या ब्रेकची भीती कुठे बाळगायची ते मला ठाऊक आहे. पाइप कुठे घासतो, नट कुठे ढिला होतो, सगळं. नव्या ब्रेकमध्ये शंका कुठे घ्यायची तेच मला कळत नाही. आणि तू त्यात बसून रोज उतरणार."

मुलगी चासीवर टेकून उभी राहिली. हे म्हणणं तिला पटलं नाही, पण खोडताही येईना. आयुष्यभर ज्याच्या शंकेवर लोक डोंगर उतरले, तो माणूस शंका घ्यायला जागा मागत होता. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. जुनेच ब्रेक. पण शेजार तुमचा."

"तो काय सांगायचा विषय आहे?"

त्यानंतर आठवड्याभराने कुलूप आला. हा वर्कशॉपचा जुना स्टोअरकीपर. मागेल त्याला 'नाही' म्हणायची त्याला इतकी सवय, की त्याला सगळे कुलूप म्हणत. त्याच्या हातात पत्र्याचा एक डबा होता.

"शंकासुरा, आयुष्यभर तुला नाही म्हटलं. आज हो म्हणायला आलोय."

डब्याला कंपनीची कागदी पट्टी तशीच चिकटलेली होती. आत तेलकट कागदात गुंडाळलेले ब्रेकचे कप होते. कप म्हणजे अंगठ्याएवढ्या रबरी वाट्या. चाकाच्या सिलिंडरमध्ये बसतात आणि तेलाचा दाब अडवून धरतात. त्या फाटल्या की तेल बाहेर, आणि पेडलखाली नुसती हवा. डब्यातल्या वाट्या काळ्याभोर, चकचकीत होत्या. प्रत्येकीवर मूळ कारखान्याचा शिक्का उठून दिसत होता. स्टोअर बंद झालं तेव्हा कुलपाने हा एक डबा बाजूला ठेवून दिला होता.

शंकासुरांनी एक वाटी उचलून उजेडात धरली, नाकाशी नेली आणि परत कागदात ठेवली. "अशी वस्तू आता मिळत नाही," ते म्हणाले.

मुलगी तिथेच होती. "किती जुना आहे हा डबा?"

"तुझ्यापेक्षा थोरला," कुलूप म्हणाला.

"मग रबर म्हातारं झालं असणार."

"अगं, वापरलंच नाही, तर म्हातारं कसं होईल?" शंकासुर म्हणाले. "सील फोडलेलं नाही. मूळ माल आहे."

कुलूप हसला. मुलगीही थोडी हसली. ज्या माणसाने बाजारातल्या नव्या मालावर कधी विश्वास ठेवला नाही, तोच सांगतोय म्हटल्यावर आणखी काय विचारायचं, असं तिला वाटलं.

आई मात्र हसली नाही. जेवताना तिने विचारलं, "ते रबर तुम्ही एकदाच बघितलंत?"

"कोणतं?"

"डब्यातलं. एकदाच बघून ठेवलंत."

"मूळ माल आहे तो," शंकासुर म्हणाले आणि भाजी मागितली. आईने वाढली. इतकी वर्षं ज्या सवयीची तिने थट्टा केली, ती सवय त्या दिवशी दिसली नाही. पण गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

ब्रेक बांधून झाले. पेडल दाबून धरलं तर दगडासारखं. शेडसमोरच्या सपाट रस्त्यावर ठकी जागच्या जागी थांबायची. शंकासुरांनी पाइपचा प्रत्येक सांधा पुन्हा पुन्हा पुसून बघितला, कुठे ओल नाही. सांधे त्यांनी तपासले, नट तपासले, सगळं तपासलं. आतल्या वाट्या आता दिसत नव्हत्या.

पहिला उतार त्यांनी वरच्या टाकीचाच निवडला. दुसरा कुठला निवडणं त्यांना पटलं नसतं. मुलगी चालवायला, ते शेजारी. आईने फाटकापर्यंत येऊन मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

चढ नीट गेला. टाकीपाशी गाडी वळवताना मुलीने सहज विचारलं, "बाबा, भीती वाटते?"

"उतार लागला की बोलायचं नाही," शंकासुर म्हणाले. त्यांनी हात मुठीवर ठेवला.

पहिली काही वळणं जड गिअरमध्ये गेली. इंजिनच गाडीला मागे खेचत होतं आणि ब्रेकला काम नव्हतं. मग रस्ता जरा सरळ झाला. मुलीने वरचा गिअर टाकला. पुढच्या वळणाआधी तिने ब्रेक दाबला, गाडी धरली. त्याच्या पुढच्या वळणाला दाबला, धरली. शंकासुर रस्त्याकडे बघत नव्हते. ते मुलीच्या गुडघ्याकडे बघत होते. पुढच्या वळणाला तो गुडघा दोनदा हलला. एकदा दाबून पेडल पुरलं नव्हतं, तिने सोडून परत दाबलं होतं.

त्यांनी ते पाहिलं आणि बोलले नाहीत. नियम होता. मुलीला पायाखाली काहीतरी वेगळं जाणवलं आणि तीही बोलली नाही. बाबा शेजारी आहेत, काही असतं तर त्यांच्या आधी लक्षात आलं असतं, असं तिला वाटलं. अशा रीतीने ते दोघं पुढचं वळण गप्प राहून उतरले, आणि मग ब्रेकच्या तेलाचा गोडसर वास आत आला. शंकासुरांना हा वास लाखात ओळखू आला असता.

मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा."

पेडल तळाला टेकलं होतं. तिचा पाय वर खाली होत होता आणि गाडी वेग घेत होती. डावीकडे कडा आणि त्याच्या पायाशी पाण्याची चर, उजवीकडे आभाळ. समोर वळण. शंकासुरांनी मूठ ओढली. एकदम नाही, कारण एकदम ओढली तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी घसरते. थोडी ओढली, सोडली, परत ओढली. खालून लोखंड दळल्यासारखा आवाज आला. गाडी थरथरली, वेग मोडला, पण वळण त्याहून जवळ होतं.

"चरीत घाल," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या शेजारात ते उतारावर बोलले ते हे पहिलेच शब्द.

मुलीने स्टिअरिंग कड्याकडे फिरवलं. डावं चाक चरीत उतरलं, मडगार्ड दगडाला घासत फाटत गेलं, आणि ठकी तिरपी होऊन थांबली. इंजिन बंद पडलं. बेल्ट नव्हते. मुलीची हनुवटी स्टिअरिंगवर आपटून फुटली होती आणि रक्त गळ्यावरून शर्टात जात होतं. शंकासुरांना ते दिसत होतं, पण मूठ सोडून तिच्याकडे वळायला हात तयार होईना.

हनुवटीला रुमाल दाबत मुलगी म्हणाली, "नियम मी आधी मोडला. मी आधी बोलले."

समोर वळण रिकामं होतं. शंकासुर तिकडेच बघत राहिले.

टाके पडले. आई दवाखान्यात मुलीला म्हणाली, "गुरांची डॉक्टर ना तू? गुरासारखी गुमान बस." नवऱ्याला ती काही बोलली नाही. घरी आल्यावरही बोलली नाही. शंकासुरांना ओरडा खायची तयारी होती, या गप्प बसण्याची नव्हती. त्यांना तो वर्कशॉपमधला फिटर आठवत राहिला, ज्याला कोणीच काही बोललं नव्हतं.

ठकी ओढून आणल्यावर त्यांनी चाक उघडलं. सिलिंडरमधली वाटी कडेने फाटली होती आणि नखाने तिचे तुकडे निघत होते. मग त्यांनी डब्यात उरलेली एक वाटी घेतली. तशीच चकचकीत. दोन बोटांत धरून त्यांनी ती वाकवली. घडीवर बारीक बारीक भेगा उघडल्या, सुकलेल्या चिखलाला पडतात तशा. रबर बसवण्याआधी बोटांत वाकवून बघायचं, ही गोष्ट त्यांनी हाताखालच्या प्रत्येक माणसाला शिकवली होती. फक्त शिक्का असलेली मूळ वाटी वाकवायला त्यांचा हात धजला नव्हता.

कुलूप भेटायला आला. शेडच्या दारातच उभा राहिला. "मी नाही म्हणायला पाहिजे होतं रे."

"तुझा काय दोष? मागणारा मी."

"मागितलं कुठे तू? मीच घेऊन आलो."

चहा आला, तो दोघांनी उभ्यानेच घेतला. जाताना कुलूप डबा उचलून घेऊन गेला.

शंकासुरांनी ठकी भंगारात द्यायचं ठरवलं. मुलीला त्यांनी तसं सांगितलं. ती हनुवटीवर पट्टी घेऊन शेडमध्ये आली होती. फाटलेल्या मडगार्डवरून तिने हात फिरवला.

"देऊ नका. डिस्क बसवायचे, दोन लाइनी करायच्या, बेल्ट लावायचे. हँडब्रेक मात्र आहे तिथेच राहू दे. काढायचं म्हणत होते, ती माझी चूक. तो मागच्या चाकांवर नेला असता तर त्याची मूठ माझ्या बाजूला गेली असती, तुमचा हात पोचला नसता."

"मग चांगल्या गॅरेजला दे. मी नाही बांधणार."

"मग शेजारी कोण बसणार?"

"गॅरेजवाला बसेल."

"त्या माणसाला मी ओळखत नाही, बाबा. तो भितो की नाही, मला काय माहीत?"

शंकासुरांनी पान्हे पुसायला घेतले. ते पुसलेलेच होते. मुलगी निघून गेली तरी ते पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ड्रिलला बीट लावलं आणि ठकीच्या तळाच्या पत्र्याला बेल्टसाठी पहिलं भोक पाडलं. आवाज ऐकून बायको बाहेर आली आणि बरेच दिवसांनी बोलली. "सरळ पडलं का? पुन्हा बघा."

नव्या ब्रेकचं काम सावकाश झालं. शंकासुर शहरातल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊन बसत, तिथले लोक काय करतात ते बघत, परत येऊन तेवढंच करत. प्रत्येक रबर ते बोटांत वाकवून बघत. एक चांगली वाटी त्यांनी वाकवून वाकवून खराब केली आणि दुसरी आणली. बायको बॅटरी धरून उभी राहायची आणि मधेच म्हणायची, "तो नट पुन्हा बघा." ते पुन्हा बघत. आधीच बघितलाय, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मात्र त्यांची झोप उडाली होती. जुन्या ब्रेकमध्ये भीती नेमक्या जागी असायची. आता ती गाडीभर पसरली होती.

मुलीच्या हनुवटीचे टाके निघाले तेव्हा काम संपलं. उतार तोच, वरच्या टाकीचा. आईने दोघांचे बेल्ट ओढून बघितले, मग परत एकदा ओढून बघितले.

वर टाकीपाशी मुलीने गाडी वळवली आणि थांबली. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. शंकासुरांनी मूठ धरली. कोणी काही विचारलं नाही. ती निघाली.

सरळ रस्ता लागला तरी तिने गिअर वर नेला नाही. प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबला, प्रत्येक वेळी गुडघा एकदाच हलला. ज्या चरीत ठकी गेली होती तिथल्या दगडावर तिच्या हिरव्या रंगाचा ओरखडा अजून होता. तो मागे पडेपर्यंत शंकासुरांनी श्वास सोडला नाही. पुढचं वळण, त्यापुढचं वळण. तेलाचा वास नाही. ते वासच शोधत होते. न आल्यावरही शोधत राहिले.

खाली सपाटीला मुलीने गाडी रस्त्याकडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"पोचलो, बाबा."

शंकासुरांनी मान हलवली. मुठीवरचा हात मात्र सुटेना. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी दुसऱ्या हाताने ती सोडवायचा प्रयत्न केला आणि मग नाद सोडला. मुलीने पाण्याची बाटली उघडून त्यांच्या पुढे धरली. त्यांनी डाव्या हाताने घेतली आणि ते थोडं पाणी प्यायले.

"पुन्हा एकदा जाऊ," ते म्हणाले.

"खात्री पटली नाही?"

"नाही."

मुलीने इंजिन सुरू केलं आणि गाडी परत टाकीच्या चढाला वळवली.